व्हीलीचं बिल कोणाच्या नावावर?

मेस्त्रींना विचारा : वाचकांचे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांची दुखणी बदलतात. एरवी ब्रेक लायनर, क्लच केबल, ऑइल बदली. सुट्टीत मात्र वाकलेले शॉकअप, जळक्या वासाचे क्लच आणि सोबत एक ठरलेलं वाक्य: "कायबी केलं नाही मेस्त्री, खड्ड्यात गेली, तवापासून आवाज येऊलालाय." बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गॅरेज असल्यामुळे खड्डा काय करतो आणि काय करत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. यावेळी पत्रांमधून हाच विषय, म्हणजे व्हीली (पुढचं चाक उचलून गाडी पळवणं) आणि तसले स्टंट, सगळीकडून आला, म्हणून मायलेज आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत. लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत. शहापुरात शिंकलं तर वडगावात ऐकू जातं, हे इथल्यांना सांगायला नको.

प्रश्न : माझ्या नावावर ११० सीसीची स्कूटर आहे. मुलगा सोळा वर्षांचा, क्लासला तीच नेतो. हल्ली ब्रेक लावला की पुढे कटकट वाजतं, हँडल एका बाजूला ओढतं आणि पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतो. तो म्हणतो खड्ड्यात आपटली. शेजारच्या बाई म्हणतात, त्याला पुढचं चाक उचलून गाडी पळवताना बघितलं. कोणाचं खरं मानू? (एक आई, शहापूर)

ताई, शेजारणीचं मानू नका, मुलाचंही मानू नका. गाडी दारात उभी आहे, तिलाच तपासू.

आधी तेलाचा ओघळ. पुढच्या शॉकअपमध्ये एक नळी दुसरीत सरकते. तोंडाशी रबरी सील असतं आणि आत तेल. नळी सरळ आणि गुळगुळीत असेपर्यंत सील टिकतं. चाक हवेतून खाली आदळत राहिलं की नळी केसभर वाकते, सीलची एकच कड घासली जाते आणि तिथून तेल पाझरतं. नुसतं सील बदलून घेतलंत तर थोड्या दिवसांत पुन्हा ओघळ येईल आणि तुम्ही मेकॅनिकला शिव्या द्याल. म्हणून नळ्या बाहेर काढून काचेवर लोळवून बघायला सांगा. वाकलेली नळी काचेवर सरळ लोळत नाही, मध्येच अडते आणि उड्या मारते.

कटकट बहुतेक कोनसेटची असणार. हँडलचा दांडा चॅसीच्या गळ्यात वर-खाली वाट्यांमधल्या छऱ्यांवर फिरतो, तो कोनसेट. हा तुम्हाला घरीच तपासता येईल. गाडी मेन स्टँडवर लावा, मागे कोणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि दोन बोटांनी हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्यावर ते खटकन बसल्यासारखं झालं, तर छऱ्यांनी वाटीत खळगे पाडलेत. मग ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा. गळ्यातून ठोका लागला की शंका मिटली.

आता मुलाच्या बाजूनं एक सांगतो. खड्ड्यानंही सील जातं आणि कोनसेटही जातो. पण खड्डा सहसा रिमच्या कडेला चेपतो, मागची नंबरप्लेट खालून खरवडत नाही. वाकून बघा की: मागच्या मडगार्डची खालची कड, नंबरप्लेटचा कोपरा, सायलेन्सरचं टोक. तिथे ताजी खरवड असेल तर गाडी मागच्या चाकावर उभी राहून टेकली आहे. दुसरी खूण क्लचची. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाला चिकटून असतं, त्यामुळे वजन मागे आणि पुढचा भाग हलका. पोरं त्याचाच फायदा घेतात. जागच्या जागी ॲक्सिलरेटर पिळला की आतले क्लच शू बेलवर, म्हणजे त्यांच्या भोवतीच्या लोखंडी वाटीवर, घसरतात आणि तापतात. असं वारंवार झालं की बेल निळी पडते, शूवर कठीण चकाकी येते आणि सकाळी गाडी सुटताना थरथरते. खड्ड्यात गेलेल्या गाडीचा क्लच थरथरत नाही. कव्हर उघडून बेलचा रंग तुम्ही स्वतः बघा, मेकॅनिकच्या तोंडाकडे बघू नका.

चाक तो उचलतो, पण खळगे पडलेल्या कोनसेटवर कपिलेश्वर पुलाच्या उतारावरून मागे सासूबाईंना बसवून तुम्ही येता. मी गॅरेजमध्ये हे सतत बघतो: करामत करणारा वेगळा आणि पार्ट तुटतो तेव्हा गाडीवर असणारा वेगळा.

कायद्याचंही ऐकून ठेवा. सोळाव्या वर्षी चालवता येते ती ५० सीसीपर्यंतची गाडी, तीही लायसन काढून. तुमची ११० सीसीची आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. आरसी बुकावर नाव तुमचं आहे, ताई.

माझं ऐकाल तर घरी आरडाओरडा करण्याआधी त्याला दुरुस्तीच्या दिवशी गॅरेजला पाठवा. कोनसेट उघडताना शेजारी उभा करा, वाट्या पुसून त्याच्या हातात द्या आणि खळग्यावरून अंगठा फिरवायला सांगा. मी असं दोन-चार पोरांना केलंय. सगळी सुधारली असं म्हणणार नाही. एक तर आता माझ्याकडेच कामाला आहे.

प्रश्न : मामा, माझी १५० सीसीची बाइक आहे. मी व्हीली मारतो, पण रविवारी पहाटे, रिकाम्या रस्त्यावर आणि हेल्मेट घालून. दुसऱ्या कोणाला त्रास नाही. इंजिन खराब होऊ नये म्हणून काय काळजी घेऊ? मागचं चेन स्प्रॉकेट मोठं बसवलं तर चालेल का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, येळ्ळूर)

मित्रा, प्रश्न सरळ विचारलास म्हणून सरळ उत्तर देतो. व्हीली मारूनही इंजिनाला काही होणार नाही अशी कोणतीही काळजी नाही. स्प्रॉकेट मी बसवून देणार नाही. पण आत काय घडतं ते सांगतो, तू इंजिनिअरिंगला आहेस म्हणजे तुला समजेल.

तुझ्या इंजिनात ऑइल किती? साधारण एक लिटर. ते तळाला साठतं आणि पंप ते तळाच्या जाळीतून ओढतो. ज्यानं इंजिन आखलं त्यानं ही जाळी ठेवताना गाडी दोन्ही चाकांवर चालणार असं धरलं होतं. चढ, उतार, वळणावरचा कल हे सगळं त्याच्या हिशेबात होतं. गाडी मागच्या चाकावर उभी करणं नव्हतं. तू पुढचं चाक वर घेतोस तेव्हा ऑइल मागच्या भिंतीकडे जातं. जाळी पुढे असेल तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. हे नेमकं कधी घडतं? तू फुल ॲक्सिलरेटरवर असताना, म्हणजे इंजिनाला ऑइलची सगळ्यात जास्त गरज असताना.

सगळ्यात आधी व्हॉल्व्ह उघडणारे वरचा कॅम आणि रॉकर उपाशी राहतात. त्यानंतर पाळी क्रँकच्या बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडचा खालचा डोळा क्रँकवर बसतो त्या जागेची. मी वयाच्या विशीत इथेच उद्यमबागेत क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर उमेदवारी केली. बेळगावचे क्रँकशाफ्ट देशभर जातात, हे तुला कॉलेजात कोणी सांगितलं असेल-नसेल. त्या काळापासून माझी सवय अशी की इंजिन उघडलं की आधी कनेक्टिंग रॉडच्या खालच्या डोळ्याचा रंग बघायचा. निरोगी असेल तर पांढुरका पोलादी. ऑइलविना तापलेला असेल तर आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळा. एकदा निळा पडला की पोलादाचा कडकपणा गेला, तो परत येत नाही. बाहेरून काही दिसत नाही. गाडी चालू होते, पळते, मायलेजही देते. मग कधीतरी अनगोळच्या चढावर चौथ्या गियरमध्ये खडखड सुरू होते आणि पोरगा म्हणतो, "कालपर्यंत चांगली होती की!" काल नव्हती. तीन महिन्यांपूर्वीच ती मेली होती, एवढंच की ते कोणाला कळलं नव्हतं.

क्लचचं वेगळंच. तुझ्या बाइकचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. क्लच दाबून, ॲक्सिलरेटर पिळून, झटक्यात सोडून तू चाक उचलतोस. प्रत्येक वेळी प्लेटांचा थोडा थोडा भुगा त्याच ऑइलमध्ये मिसळतो आणि तेच ऑइल पुढे पिस्टन, कॅम, गियर सगळीकडे फिरतं. ऑइल बदलताना डबक्यात बोट बुडवून चोळून बघ. काळं आणि जळकट वासाचं असेल तर समज. झटक्याचा बाकी मार चेनवर पडतो. चेन सगळीकडे सारखी ताणत नाही, काही कड्या जास्त ताणतात. मागचं चाक हातानं फिरवताना चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागली, तर ती बदलायला झालीच. त्यात स्प्रॉकेट मोठं केलंस तर पुढचं चाक लवकर उचलेल, पण हायवेवर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल आणि पेट्रोल जास्त पिईल.

बर्नआउटबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो तो गाडी पळते तेव्हा. पुढचा ब्रेक धरून मागचं चाक जागच्या जागी फिरवलंस, तर इंजिन फुल जोरात आणि वारा शून्य. बघणारे टायरच्या धुराला टाळ्या वाजवतात. आत पिस्टन सिलिंडरला धरायला बघत असतो.

राहिला तुझा रिकामा रस्ता. राजहंसगडाकडचा असो की कुठलाही, पहाटे तो रिकामा नसतो रे. दूध घालायला निघालेला सायकलवाला असतो, म्हशी असतात, मागचा लाइट नसलेली ट्रॉली असते. पुढचं चाक डोळ्यांसमोर असल्यामुळे तुला त्यातलं काहीच दिसत नाही, आणि चाक हवेत म्हणजे पुढचा ब्रेकही नाही, हँडलही नाही. कलम १८४ धोकादायक चालवण्याचं, पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मित्रांनी शर्यत लावली की कलम १८९ वेगळं. खरोखर वेगाची भूक असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरला रेसचे ट्रॅक आहेत. तिथे शिकवणारे आहेत आणि दारात ॲम्ब्युलन्स उभी असते. महाग आहे, मान्य. क्रँक बदलणंही महाग आहे.

प्रश्न : माझ्या घरासमोरून रोज संध्याकाळी बुलेट फटाके फोडत जातात. कानाला त्रास होतोच, पण त्यानं गाडीचं काही बिघडतं का? बिघडत असेल तर निदान तेवढं तरी समाधान. (निवृत्त शिक्षक, टिळकवाडी)

गुरुजी, समाधान देतो. चालत्या गाडीत इग्निशन क्षणभर बंद करतात. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत इंजिन फिरत राहतं, पेट्रोल आत येत राहतं, पण ठिणगी नसल्यामुळे ते न जळता तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं. पुन्हा चालू केलं की तिथेच भडका. सायलेन्सरच्या आतले पडदे सुटतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक मार खाते. नव्या गाड्यांत धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतं, ते आतून वितळू शकतं. म्हणून पोरं आधी ते काढूनच टाकतात. कंपनीचा सायलेन्सर बदलून असा बसवला, तर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. गल्लीतल्या पोराला समजावायचं असेल तर दंडाचं सांगू नका, व्हॉल्व्हचं सांगा. दंडाला तो हसतो.

प्रश्न : माझा ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे, ऊस वाहतुकीला लावतो. धाकटा भाऊ दोन ट्रॉल्या ओव्हरलोड भरून पुढची चाकं हवेत ठेवून चालवतो, त्याचे व्हिडिओ काढतो. म्हणतो, ट्रॅक्टरमध्ये दम आहे म्हणून उचलतोय. या हंगामात दोनदा क्लच प्लेट गेली. हे कंपनीचं आहे की चालवण्याचं? (ऊस उत्पादक, चिकोडी तालुका)

दादा, चालवण्याचं आहे. भावाला सांगा, पुढची चाकं उचलली जातात ती दम जास्त म्हणून नव्हे. मागे ओझं इतकं झालंय की ट्रॅक्टरला पुढे जाणं जड झालं आणि स्वतःच उलटणं सोपं झालं. मागच्या चाकांना ट्रॉली ओढायला जमलं नाही की सगळा पीळ ट्रॅक्टरच्या अंगावर येतो आणि तो आपल्याच मागच्या ॲक्सलभोवती फिरून तोंड वर करतो.

यात ट्रॉली कुठे जोडली आहे ते आधी बघा. ट्रॉलीचा हूक मागच्या ॲक्सलच्या मध्यापेक्षा खाली असेल तर ओझं पुढच्या भागाला खाली धरून ठेवतं. काही जण टायरला जास्त पकड मिळते म्हणून हूक वर घेतात, वरच्या लिंकच्या जागी साखळी बांधणारेही बघितलेत. तसं केलं तर ट्रॅक्टर मागे उलटायला वाट मोकळी. आणि मागे उलटणं इतकं झटपट होतं की क्लचवर पाय न्यायलाही सवड मिळत नाही. डोक्यावर मजबूत फ्रेम नसेल तर ड्रायव्हर थेट स्टिअरिंग आणि जमीन यांच्यामध्ये. पंजाबात अशाच करामती करणाऱ्या एका तरुणाचा २०२३ मध्ये स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली जीव गेला, तेव्हा तिथल्या सरकारनं ट्रॅक्टरच्या कसरतींवर बंदी घातली.

पुढची चाकं हवेत असताना भाऊ वळवतो कसा, हे कधी विचारलंय? डाव्या-उजव्या ब्रेकनं. शेतात तास संपला की वळायला हे दोन पेडल वेगळे दिलेले असतात. रस्त्यावर आल्यावर त्यांना जोडणारी कडी अडकवायची असते. ती कडी त्याच्या ट्रॅक्टरला आता गंजून पडलेली असणार, पैज लावतो. एका बाजूच्या ब्रेकवर सगळं ओझं वळवलं की त्या बाजूच्या डिस्क झिजतात आणि पीळ अर्ध्या ॲक्सलवर, पुढे क्राउन-पिनियनवर, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या मुख्य गियरवर, जातो. मग एक दिवस निपाणीच्या हायवेवर समोरून ट्रक आला, त्यानं घाईत दोन्ही ब्रेक दाबले, आणि एका बाजूचा धरला, दुसऱ्याचा नाही. दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर आडवा.

क्लच प्लेट दोनदा गेली ती याच हिशेबात. ओझं हलत नाही म्हणून अर्धा क्लच दाबून इंजिन वर घेतो, प्लेट घसरते आणि जळते. पण क्लच हा यातला स्वस्त पार्ट आहे. पुढचा भाग दर वेळी खाली आदळतो तेव्हा पुढच्या ॲक्सलची मधली पिन आणि बुश, हबचे बेअरिंग, टायरॉडचे बॉल जॉइंट असं सगळं मिळून मार खातं. यावेळी प्लेट बदलताना जॅक लावून पुढचा ॲक्सल वर-खाली हलवून बघा. मधल्या पिनमध्ये खेळ लागला तर तीही बदलूनच घ्या, नाहीतर पुढच्या हंगामात चाक एकीकडे आणि स्टिअरिंग दुसरीकडे.

आणि तो व्हिडिओ काढण्याचा शौक असेलच तर आपल्याकडच्या जत्रांत ट्रॉली जोडून ट्रॅक्टर रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा असतात, तिथे उतरवा त्याला. मला स्वतःला त्या बघायला फार आवडतात. सरळ रेषेत ट्रॉली मागे नेणं हे खरं कसब, चारही चाकं जमिनीवर ठेवून. चाक उचलायला काही लागत नाही, ओझं भरलं की कोणीही उचलतो. रिव्हर्सला डोकं लागतं.

प्रश्न : कोल्हापूरच्या एका मुलाकडून एमएच-०९ पासिंगची सेकंडहँड बाइक घेतोय. एकदम चकचकीत आहे, किंमतही कमी सांगतोय. स्टंटला वापरलेली गाडी ओळखायची कशी? (निपाणी)

चकचकीत आणि स्वस्त, म्हणजे आधीच थोडं सावध व्हा. गाडी बघायला दुपारच्या उन्हात जा आणि ती थंड असताना चालू करून बघा, आधीच गरम करून ठेवलेली नको. मागून सुरुवात करा. टेललाइट आणि मागचा मडगार्ड कोरा नवा, बाकीची गाडी मात्र वापरलेली, असं असेल तर का बदलला ते विचारा. सायलेन्सरच्या टोकाला खालून खरवड, मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट झिजलेला पण कडा नव्यासारख्या, मागची ब्रेक डिस्क निळसर, या सगळ्या मागच्या चाकावर केलेल्या खेळांच्या खुणा. मागच्या स्प्रॉकेटचे दात मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. स्टॉपीची, म्हणजे मागचं चाक उचलून थांबण्याची, सवय असलेला पुढचा ब्रेक मारतो, त्याची खूण हँडलला धक्का देणाऱ्या पुढच्या डिस्कमध्ये आणि कोनसेटमध्ये मिळते. कोनसेट तपासायची रीत वर शहापूरच्या ताईंना सांगितली आहे. टाकीखाली चॅसीचा गळा असतो, तिथे टॉर्च लावून बघा. वेल्डिंगजवळ रंगाला बारीक भेग किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला तर किंमत कितीही कमी असो, नको. शेवटी पुढच्या-मागच्या चाकांना दोरी लावून दोन्ही एका रेषेत आहेत का बघा. दोरी फुकट असते, आणि विकणाऱ्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो.

कागदांचं थोडक्यात: कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर कर्नाटकात नवी नोंदणी करून इथला कर भरावा लागतो. निपाणीकरांना केए-२३ मिळेल. तो कर जमेला धरून मग किंमत स्वस्त वाटते का बघा. सीमेवर राहण्याची ही किंमत आपण सगळेच भरतो.

प्रश्न : स्टंट करताना गाडी मोडली तर इन्शुरन्स मिळतो का? मित्रांत पैज लागली आहे. (संकेश्वर)

पैज कोणी काय लावली ते लिहिलं नाहीत. शर्यत आणि वेगाची चाचणी पॉलिसीतच वगळलेली असते, छापील कागदावर वापराच्या मर्यादांखाली बघा. झिजलेला क्लच किंवा जळलेला क्रँक हा अपघातच नव्हे, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडतो. समोरच्याला भरपाई द्यावी लागली तर कंपनी ती देऊन गाडीमालकाकडून वसूल करू शकते. आणि एक निकाल पैजेतल्या सगळ्यांना वाचून दाखवा. २०१४ साली अरसीकेरेकडे जाताना एक माणूस स्वतःच्या बेदरकार चालवण्यानं कार उलटून दगावला. घरच्यांनी भरपाई मागितली. कर्नाटक उच्च न्यायालयानं नाही म्हटलं आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं: चूक त्याचीच असेल तर वारसांना विमा कंपनीकडून ती भरपाई मागता येत नाही.

प्रश्न : भाच्यानं माझी कार चोर्ला घाटात नेली होती. पावसात मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून गाडी गरकन फिरवली, असं त्याच्या मित्रानंच सांगितलं. आता ४० च्या पुढे मागून गुंव-गुंव आवाज येतो आणि हँडब्रेक वरपर्यंत ओढला तरी उतारावर गाडी सरकते. पुढच्या आठवड्यात कुटुंबासह पणजीला जायचंय. जाऊ का? (खानापूर)

आवाज दोन ठिकाणांहून येऊ शकतो. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात गाडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे झुलवा. एका बाजूला वळताना आवाज वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला तर चाकाचं बेअरिंग. आवाज वळण्यानं बदलत नसेल, फक्त वेगाबरोबर लयीत वाढत असेल, तर टायर सपाट झालाय. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो आणि चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा त्याच्याशी काही संबंध नसतो. म्हणून चाक जागच्या जागी थांबतं आणि टायर एकाच ठिकाणी रस्त्यावर किसला जातो. ओल्या रस्त्यावर कमी किसतो, कोरडा भाग लागला की एकदम. हातानं टायरभर चाचपा, सपाट जागा बोटाला लागते.

हँडब्रेकची केबल ताणली असेल किंवा ड्रममधले लायनर झटक्यानं चकाकले असतील. केबल आवळून भागेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, ड्रम उघडायला लावा. त्याच वेळी मागच्या ॲक्सलचे बुश आणि चाकांचं अलाइनमेंट बघून घ्या, कारण आडवी सरकणारी गाडी रस्त्याच्या कडेला कुठे टेकली का, हे भाचा सांगणार नाही. जांबोटी-कणकुंबीपुढचा उतार आणि वळणं पावसात दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरायची असतात. तिथे वळणावर मागचं टायर सटकलं तर सावरायला जागा नाही. ड्रम उघडून, टायर बदलून, बेअरिंगचा निकाल लागेपर्यंत ही कार घाटात नेऊ नका. पणजीला जायचंच असेल तर बेळगावहून बस आहे. आणि दुरुस्तीचं बिल भाच्याच्या नावानं करायला सांगा. भरणार तुम्हीच, हे मला माहीत आहे, पण नाव त्याचं असू द्या.